कान्हेरी आणि इंग्रज प्रवाशांची लेखणी

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘माझ्या आयुष्यातील एक अविस्मरणीय अनुभव’ या विषयावर निबंध लिहावयास सांगण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील शाळांची सहल कान्हेरीस जाते आणि सहलीच्या पाठोपाठ हा निबंधही येतो. मग मुलगा बिचारा सूर्योदयाने आरंभ करतो, पक्ष्यांना गावयास लावतो, मध्ये ‘भव्य’ आणि ‘सुंदर’ ही दोन विशेषणे आलटून पालटून योजतो, आणि ‘थकून पण आनंदाने आम्ही घरी परतलो’ असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतो. चढताना त्याचा पाय कोठे घसरला, कोणत्या लेण्यात शिरताच अंगावर गारवा आला, हे त्या निबंधात सापडत नाही. वास्तविक याच टेकडीवरचा आपला अनुभव इंग्रजीत लिहून ठेवण्याचा उद्योग गेली साडेतीनशे वर्षे चालू आहे. तो कोणी केला, कोणासाठी केला, आणि त्यातले आज काय उरले, ही हकीकत कान्हेरीच्या इतिहासाइतकीच ऐकण्यासारखी आहे.

कान्हेरीचे जुने नाव कृष्णगिरी किंवा कण्हसेल, म्हणजे काळा डोंगर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून सहा-सात किलोमीटर आत, काळ्या पाषाणाच्या एका टेकडीत शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास हे काम सुरू झाले आणि जवळजवळ हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंची वस्ती राहिली. सोपारा, कल्याण आणि चेऊल ही बंदरे जवळ, त्यामुळे व्यापाऱ्यांचा पैसाही जवळ. मोठे चैत्यगृह सुमारे ८६ फूट लांब व ४० फूट रुंद असून त्याच्या ओसरीच्या दोन्ही टोकांस बुद्धाच्या सुमारे २३ फूट उंचीच्या दोन उभ्या मूर्ती आहेत. खडकात जागोजागी पाण्याची टाकी खोदलेली आहेत, पायऱ्या आहेत, बसावयास दगडी बाके आहेत. भिक्षू गेले, त्यांच्या मागे रान वाढले, आणि हे सर्व कोणी केले याची आठवण लोकांत पांडवांच्या नावाने तेवढी उरली.

१५३४ साली साष्टी बेट पोर्तुगीजांच्या हाती गेले. त्यांच्या पाद्र्यांनी येथे उपासना सुरू केली. बोरिवलीजवळच्याच मंडपेश्वराच्या लेण्याचे तर त्यांनी चर्च बनविले. त्यांचा इतिहासकार दियोगु दु कोतु याने कान्हेरीविषयी दोन गोष्टी नोंदविल्या आहेत. पहिली अशी की, एका पाद्र्याने बरोबर माणसे, दोर आणि शिधा घेऊन येथील एका भुयारात प्रवेश केला, सात दिवस तो चालत राहिला, आणि शेवट न लागल्यामुळे परत फिरला. ऐकीव गोष्ट जशी असावी तशीच ही आहे : सात दिवसांचा हिशेब आहे, पण त्या अंधारात पायांना काय लागले आणि मशालीच्या उजेडात काय दिसले याचा पत्ता नाही. असे भुयार पुढे कोणास सापडले नाही. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. हे स्थान संत जोसाफत याच्या पित्याने बांधविले, असे कोतु सांगतो. हा जोसाफत म्हणजे राजवाडा सोडून वैराग्य पत्करणारा ख्रिस्ती कथांतील हिंदुस्थानी राजपुत्र. ही कथा मूळची बुद्धचरित्राचीच होय. ती इराणी, अरबी आणि ग्रीक भाषांतून फिरत ख्रिस्ती झाली आणि ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे होता होता ‘जोसाफत’ झाले. म्हणजे वाट अगदीच चुकली असूनही माणूस नेमका योग्य दारात येऊन उभा राहिला!

स्वतः जाऊन, स्वतः पाहून, इंग्रजीत लिहिणारा पहिला ठळक माणूस म्हणजे डॉक्टर जॉन फ्रायर. शिवचरित्राच्या वाचकांस हे नाव अपरिचित नाही. १६७४ च्या राज्याभिषेकास हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन याच्या वकिलातीची हकीकत फ्रायरच्या ग्रंथातही आली आहे. हा ईस्ट इंडिया कंपनीचा शस्त्रवैद्य. मुंबई बेट कंपनीकडे १६६८ साली आले, पण साष्टी अद्याप फिरंग्यांचीच होती. त्यामुळे १६७५ साली कान्हेरीस निघालेल्या फ्रायरला परक्या राज्यात जावे लागले. त्याचा ग्रंथ पत्रांच्या रूपाने लिहिलेला आहे. एकंदर आठ लांबलचक पत्रे. ती पुस्तकरूपाने निघाली १६९८ साली, म्हणजे प्रवासानंतर वीस वर्षे उलटून गेल्यावर.

फ्रायर कान्हेरीला खडकातून कापून काढलेले शहर म्हणतो. वर येताच त्याला जे पहिले स्थळ दिसते त्याला तो रोमन लोकांच्या अग्निदेवाची भट्टी ठरवितो. दोन महाकाय खांब तिला पेलून धरीत आहेत आणि त्यांची पोटे गोलासारखी फुगलेली आहेत, असे तो वर्णन करतो. कान्हेरीचे पहिले, अपुरे राहिलेले लेणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना येथे चटकन ओळख पटेल, कारण मध्येच फुगून दबलेल्या उशीसारख्या घाटाचे दोन अवजड खांब तेथे आजही उभे आहेत. पुढे चैत्यगृहाच्या ओसरीवरील दोन बुद्धमूर्ती त्याला राक्षसी देहाचे पुरुष वाटतात. बुद्ध कोण, विहार म्हणजे काय, यांपैकी एकही गोष्ट त्याला ठाऊक नाही. त्याची उपमा तर थेट रोमची. आणि तरीही त्याचे पान वाचल्यावर खांब डोळ्यांपुढे उभा राहतो!

याचे कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. फ्रायरचे पत्र विलायतेतील अशा माणसास उद्देशून आहे की ज्याने ही टेकडी पाहिलेली नाही आणि जो ती कधी पाहणारही नाही. अशा माणसाला ‘खांब भव्य होता’ असे कळवून काय उपयोग? त्याच्या ओळखीची वस्तू हाती धरूनच त्याला अनोळखी वस्तूपाशी न्यावे लागते. उपमा येथे अलंकारासाठी आलेली नाही. ती गरजेपोटी आलेली आहे. शिवाय धंद्याने तो वैद्य. शरीराचा फुगीरपणा आणि सूज पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याला खांबाचे पोट दिसावे, यात नवल ते काय? त्याचे इंग्रजी मात्र सोपे नाही. वाक्य एकदा सुटले की ते कोठे थांबेल याचा भरवसा नसतो, आणि मध्येच लॅटिन पांडित्याचे खडे लागतात. आजच्या विद्यार्थ्याने त्याची वाक्यरचना उचलू नये. पण त्याची नजर उचलण्यास हरकत नाही.

यानंतर साष्टीचे धनी बदलले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी व वसई घेतली; १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला सर केला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. मधल्या मराठी अमलात, १७६० साली, आंकेतील द्युपेराँ हा फ्रेंच पंडित कान्हेरी पाहून गेला. सुरतेच्या पारशी दस्तुरांपाशी अवेस्ता शिकलेला हा गृहस्थ. त्याची हकीकत १७७१ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाली. परंतु इंग्रजांच्या दृष्टीने खरा फरक पडला तो तहानंतर. फ्रायर परराज्यातला पाहुणा होता, पुढचे इंग्रज मालकाच्या ऐटीत येऊ लागले. तंबू आधी पुढे जावेत, खानसाम्याने जेवण तयार ठेवावे, आणि साहेबांनी मागाहून पालखीतून यावे, असा थाट सुरू झाला. वर्णनाच्या भाषेवर याचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही.

जेम्स फोर्ब्स हा त्याचा चांगला मासला. १७६६ साली वयाच्या अवघ्या सोळाव्या-सतराव्या वर्षी तो कंपनीचा लेखनिक म्हणून मुंबईत उतरला. जे पाहील ते लिहावे आणि जे लिहील त्याचे चित्र काढावे, असा त्याचा नेम होता. या कागदांचे त्याच्याजवळ दीडशे खंड झाले असे तो सांगतो. विलायतेस परतून बरीच वर्षे लोटल्यावर त्यातून निवड करून त्याने १८१३ साली चार जाडजूड भागांत आपल्या पूर्वेकडील आठवणी प्रसिद्ध केल्या. साष्टीच्या लेण्यांचे वर्णन त्यात आहे, आणि ते वाचनीय आहे. परंतु मुंबईत रात्री दिव्यापाशी पत्र लिहिणारा तरुण निराळा आणि चाळीस वर्षांनी ते पत्र छापखान्यासाठी सजविणारा प्रतिष्ठित गृहस्थ निराळा. दुसऱ्याने पहिल्याची वाक्ये इस्त्री करून ठेवली आहेत. फोर्ब्सची शैली डौलदार खरी, पण त्या डौलात जागेचा उग्र वास कोठेतरी हरवतो. आठवणी जपून ठेवल्याने टिकतात हे जितके खरे, तितकेच पुन्हापुन्हा हाताळल्याने त्या गुळगुळीत होतात हेही खरे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड व्हॅलेन्शिया या उमरावाबरोबर हेन्री सॉल्ट हा चित्रकार मुंबईस आला. उमरावाचा प्रवासग्रंथ १८०९ साली निघाला; सॉल्टने साष्टीच्या लेण्यांवर लिहिलेला निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडात १८१९ साली छापला गेला. सॉल्ट हातात माप घेऊन उभा राहतो. लांबी किती, रुंदी किती, खांब किती, हे तो सांगतो, आणि त्याबद्दल त्याचे उपकार मानले पाहिजेत. मात्र येथपासून वर्णनकर्ता हळूहळू वर्णनातून पाय काढू लागतो.

जाण्यापूर्वी तो आणखी एकदा मागे वळून पाहतो, तो बिशप रेजिनाल्ड हेबर याच्या रोजनिशीत. हेबर कलकत्त्याचा बिशप. उत्तर हिंदुस्थानातून महिनोन्‌महिने प्रवास करीत तो १८२५ च्या एप्रिलमध्ये मुंबईस पोहोचला. मुंबईचे गव्हर्नर त्या वेळी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. मराठ्यांच्या राज्याचा अस्त ज्यांनी पुण्याच्या रेसिडेन्सीतून पाहिला आणि घडविलाही, तेच हे एल्फिन्स्टन. त्यांच्या समवेत बिशपसाहेबांनी कान्हेरीची लेणी पाहिली. घारापुरी आणि कार्लेही पाहिले. प्रवासात पत्नी जवळ नसे म्हणून तिच्यासाठी हेबर रोजनिशी लिहीत असे. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १८२६ रोजी, त्रिचनापल्ली येथे स्नान करीत असता त्याचा अकस्मात अंत झाला. वय अवघे बेचाळीस. १८२८ साली त्याच्या विधवा पत्नीने ती रोजनिशी छापून काढली, आणि इंग्लंडात ती घरोघर वाचली गेली.

जी पाने पत्नीने वाचावी म्हणून लिहिली गेली ती तिलाच छापखान्यात पाठवावी लागली, या गोष्टीने त्या ग्रंथाभोवती एक करुण छाया पसरलेली आहे. पण ती दूर सारूनही पाहिले तरी हेबरच्या लेखनात एक गुण आढळतो : तो थकला की थकलो म्हणतो, कळले नाही की कळले नाही म्हणतो. घरच्या माणसापुढे पांडित्याचा आव आणून चालत नाही. या लेण्यांचे वय काय आणि त्यांचे कर्ते कोण, यांविषयी त्या काळी नाना तर्क लढविले जात. कोणी मिसर देशातील लोक आणीत, कोणी शिकंदराचे सैनिक. तो सारा तर्कांचा बाजार पुढे उठून गेला. माणसाने डोळ्यांनी जे पाहिले आणि पायांनी जे भोगले, तेवढ्याला आजही कोणी खोडून काढू शकलेले नाही.

या सर्व ग्रंथांतून एक उणीव मात्र सारखी जाणवते. गव्हर्नराचे नाव येते, उमरावाचे येते, बरोबरच्या मडमांचीही येतात. पण पालखी कोणी वाहिली, रानातली वाट कोणी दाखविली, अंधाऱ्या विहारात मशाल कोणी धरली, त्यांची नावे सहसा येत नाहीत. आगरी होते, वारली होते, की मराठी बोलणारे साष्टीचे ख्रिस्ती होते, कोण जाणे! अनुभव साहेबाचा, आणि त्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर. त्या खांद्यानेही कान्हेरी पाहिली होती, साहेबापेक्षा कितीतरी अधिक वेळा पाहिली होती. पण तिचे वर्णन त्याने कोणाला पत्राने कळविले नाही, आणि कळविले असते तरी ते इंग्रजीत नसते.

येथे नियतीची एक गंमत आहे. साहेब जेथे उभा राहून आपली टिपणवही भरीत होता, त्याच्या डोक्यावरच्या खडकात लेख कोरलेले होते, आणि ते त्याला वाचता येत नव्हते. ब्राह्मी लिपीची किल्ली जेम्स प्रिन्सेपला १८३७ साली सापडली. त्यानंतर कान्हेरीचे लेख एकामागून एक बोलू लागले. मोठे चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या काळी दोन व्यापारी बंधूंनी खोदविले. क्षत्रप कुळातून सातवाहनांच्या घरी आलेल्या एका राणीचा उल्लेख असलेल्या लेखात सतेरक नावाच्या अमात्याने पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने एक टाके दिले. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने पायवाट करून दिली. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमदानीत, गौड देशाहून म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने ध्यानासाठी जागा बांधविली आणि भिक्षूंच्या वस्त्रांसाठी शंभर द्रम्म ठेव म्हणून ठेवले. पाहा, लोहाराचे नाव अठराशे वर्षे दगडावर टिकले, आणि त्याच वाटेने साहेबांना वर नेणाऱ्याचे नाव चार खंडांच्या ग्रंथातही मावले नाही!

अर्थात त्या शिलालेखांतही अनुभव नाही. गाव, धंदा, नाव आणि दान, एवढेच. त्या लोहाराला पायऱ्या खोदविताना काय वाटले हे तो सांगत नाही; त्या काळी ती रीतच नव्हती. स्वतःला जे वाटले ते लिहावे ही हौस निराळी, आणि दिल्या दानाची नोंद राहावी ही इच्छा निराळी.

लिपी उलगडली आणि कान्हेरीवरील इंग्रजी लेखनाचा सूर पालटला. डॉक्टर जेम्स बर्ड याने १८३९ साली चैत्यगृहासमोरील स्तूप उकरला. त्यात निघालेल्या ताम्रपटावर त्रैकूटकांच्या संवताचे २४५ वे वर्ष होते. एडवर्ड वेस्ट याने १८६० च्या सुमारास सर्व लेखांच्या प्रती उतरून घेतल्या. १८८० साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरील मोठा ग्रंथ निघाला, आणि १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर. त्या गॅझेटियरमागे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या एतद्देशीय विद्वानाचे परिश्रम आहेत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यापासून शेवटच्यापर्यंत ते वाचकास हाताला धरून नेते. पण त्यात ‘मी’ नाही. पाय दुखत नाहीत, तहान लागत नाही, कोणी दचकत नाही. आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढीने जी इंग्रजी आत्मसात केली ती बहुतेक हीच, पुराव्याची आणि प्रमाणाची. तिचे ऋण मोठे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मराठी माणसाला इंग्रजीत खटला लढविता येतो, अर्ज करता येतो, शोधनिबंध लिहिता येतो, आणि ‘आज टेकडी चढताना मला असे झाले’ हे साधे वाक्य लिहावयाचे म्हटले की त्याची लेखणी अडखळते, याचे एक मूळ येथे असावे. परीक्षकासाठी लिहिण्याची सवय जडली. दूरच्या बहिणीला किंवा मित्राला लिहावे तसे लिहिण्याची जडली नाही.

वेस्टचा उल्लेख वर आला, त्याच्याविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. हा गृहस्थ पेशाने पंडित नव्हता, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा इंजिनियर होता. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी ज्या लोहमार्गाने गेली, ज्या मार्गावर आज घाटकोपर आणि मुलुंड ही स्थानके गजबजलेली असतात, त्या रेल्वेच्या नोकरीतला हा माणूस. ब्राह्मी लेखांच्या प्रती उतरीत असता नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात त्याला काही निराळीच अक्षरे आढळली. ती लिपी पेहलवी होती. पुढे वेस्ट पेहलवी भाषेचा थोर अभ्यासक झाला, आणि १८८० साली त्याने या लेखांचे वाचन प्रसिद्ध केले.

ते लेख इराणी वंशाच्या प्रवाशांचे, म्हणजे पारशांच्या पूर्वजांचे आहेत. पहिले दोन इसवी सन १००९ मधले, एक १० ऑक्टोबरचा आणि दुसरा २४ नोव्हेंबरचा. तिसरा १०२१ मधला, ३० ऑक्टोबरचा. पाऊस ओसरल्यावर रान हिरवे असते, टाकी काठोकाठ भरलेली असतात आणि चढण सुसह्य होते. शाळांच्या सहली आजही त्याच सुमारास निघू लागतात. हे लोक आले, हिंडले, आणि भिंतीवर लिहून गेले. देव त्यांचा नव्हता, स्थान त्यांचे नव्हते, दान त्यांनी दिलेले नव्हते. मजकूर एवढाच : अमुक वर्षी, अमुक महिन्यात, अमुक दिवशी, अमक्याचा मुलगा अमका आणि त्याचे सोबती या ठिकाणी आले. बरोबर आलेल्या प्रत्येकाचे नाव, बापाच्या नावासह, तेथे लिहिलेले आहे.